विद्यार्थ्याचें बिऱ्हाड

जून महिना लागला, कीं पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठांतील बोळांतून एक दृश्य हमखास दिसूं लागतें. पुढें पाठीवर पिशवी घेतलेला मुलगा, मागें वळकटी सांवरणारा बाप, आणि दोघांच्याही नजरा दारांवरील पाट्यांकडे. 'कॉट बेसिसवर जागा मिळेल' अशी पाटी दिसली, कीं दोघे जिना चढतात. बाप एकच प्रश्न विचारतो, "भाडें किती?" आकडा परवडणारा निघाला, कीं वळकटी सुटते आणि बाप रात्रीच्या गाडीनें गांवीं परततो. बैल घेतांना ज्यानें त्याचे दांत पाहिले, त्याला चार पावलें चालवून पाहिलें, तोच गृहस्थ मुलाचें वर्षभराचें बिऱ्हाड पाव घटकेंत ठरवून मोकळा होतो. यांत त्याचा दोष थोडा. विचारावयाचे प्रश्न त्याला कोणीं सांगितलेलेच नसतात.

परगांवचा विद्यार्थी पुण्याला नवा नाहीं. वार लावून जेवणारीं आणि माधुकरी मागून शिकणारीं मुलें एके काळीं याच पेठांतील वाड्यांच्या आश्रयानें राहिलीं. येथें १९०९ सालीं अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झालें. १९५५ सालीं विद्यार्थी सहाय्यक समिति उभी राहिली. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं वसतिगृहें उघडविलीं. रात्रीं पाठ टेकावयास निर्धास्त जागा नसेल, तर पुस्तकांत मन लागत नाहीं, हें या सर्वांनीं ओळखलें होतें. म्हणून आजही प्रथम महाविद्यालयाच्या, सरकारी व सेवाभावी संस्थांच्या वसतिगृहांची चौकशी करावी. परंतु तेथें जागा थोड्या आणि उमेदवार फार. तेव्हां बहुतेकांच्या वाट्यास भाड्याची खोलीच येते.

अशी खोली एकदां दिवसां पहावी आणि एकदां रात्रीं. दिवसां उजेड व वारा कळतो. रात्रीं बोळांतील दिवा, जिन्यावरचा अंधार आणि शेजारची वस्ती कळते. जुन्या वाड्याचा जिना लांकडी असेल, तर आग लागल्यास बाहेर पडण्याची दुसरी वाट कोणती, हें आधींच पाहून ठेवावें. विजेच्या उघड्या तारा आणि एकाच खटक्यावर लोंबणारीं चार यंत्रें दिसलीं, तर ती खोली स्वस्त असली तरी महागच समजावी. न्हाणीघरांत गॅसचा गीझर असेल, तर विशेष सावध रहावें. हवा खेळती नसली म्हणजे गॅस पुरता जळत नाहीं आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु तयार होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. माणसाला भोंवळ येते, आणि दाराची कडी काढण्याचेंही बळ अंगांत उरत नाहीं. मुलींच्या खोलीला आंतून भक्कम कडी असावी, कुलुपाच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत हें विचारून घ्यावें, आणि पूर्वसूचनेवांचून मालकानें आंत येऊं नये, असें स्पष्ट ठरवावें.

आतां पैशाची गोष्ट. हल्लीं भ्रमणध्वनीवर खोलीचीं सुरेख चित्रें येतात, आणि "आज अनामत पाठविली नाहीं, तर जागा जाईल" असा निरोप मागोमाग येतो. प्रत्यक्ष पाहिल्यावांचून एक रुपयाही पाठवूं नये. अशा घाईच्या व्यवहारांत पुष्कळदां खोली दुसऱ्याची असते आणि पैसा तिसराच नेतो. समोरची व्यक्ति खरोखर मालक आहे काय, हें घरपट्टीच्या व विजेच्या बिलावरील नांवावरून ताडून पहावें. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. राहावयास जातांच भिंती, नळ व सामान यांचीं छायाचित्रें काढून ठेवावीं. खोली सोडतांना अनामतीचा तंटा बहुधा भिंतीच्या डागावरूनच निघतो.

करार अकरा महिन्यांचा असला म्हणजे नोंदणी लागत नाहीं, अशी समजूत फार पसरलेली आहे. महाराष्ट्रापुरती ती खोटी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें भाड्याचा अथवा 'लीव्ह अँड लायसन्स'चा करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो, व ती जबाबदारी घरमालकाची असते. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. शिवाय नोंदलेला करार नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयीं भाडेकऱ्याचेंच म्हणणें ग्राह्य धरलें जातें. ही नोंदणी आतां संगणकावरूनही करतां येते. तेव्हां "कशाला उगाच कागद?" या गोड शब्दांना भुलूं नये. अनामत केव्हां परत मिळेल, खोली सोडण्याची सूचना किती दिवस आधीं द्यावयाची आणि विजेचें बिल कोणीं भरावयाचें, एवढें तरी त्यांत असलेंच पाहिजे.

परंतु हें सारें ऐकणाऱ्यांत असेही अनेक आहेत, कीं ज्यांच्या घरीं एकादी खोली रिकामी आहे. घराचे नियम असावेत. रात्रीं किती वाजतां दार लागतें, हें सांगण्यांत गैर कांहींच नाहीं. मात्र एक प्रश्न त्या दारांत विचारला जाऊं नये. कोलंबिया विद्यापीठांत शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ सालीं बडोदें संस्थानच्या नोकरींत रुजू झाले, तेव्हां त्या शहरांत त्यांना कोणी जागा देईना. एका पारशी पथिकाश्रमांत त्यांनीं आसरा घेतला. जात कळतांच लाठ्या घेतलेला जमाव दारांत आला. अखेर मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेंत बसून राहिले. त्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. तरी आजही नांव सांगितल्यावर आडनांव विचारणारे घरमालक आहेत, आणि तें ऐकल्यावर खोली 'कालच गेलेली' असते. जिना उतरून परत जाणारा मुलगा त्या दिवशीं जो धडा शिकतो, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नसतो.

राहतां राहिली त्या बापाची गोष्ट. भाडें किती, हा प्रश्न त्यानें शेवटीं विचारावा. आणि गांवीं परतण्याची घाई न करतां, मालकाच्या परवानगीनें, पहिली रात्र त्याच खोलींत मुलाजवळ काढावी. नळाला पाणी केव्हां येतें, डास किती आहेत, मध्यरात्रीं जिन्यावर कोणाचीं पावलें वाजतात, हें सारें सकाळपर्यंत कळतें. मग तो ज्या गाडीनें जाईल, तींत त्याला झोप तरी लागेल.