कुत्र्याचा घास परत का येतो?



आज आपण घरच्या राखणदाराविषयी बोलू. कुत्र्याला भाकरी घातली. त्याने ती गपागप गिळली. थोड्या वेळाने तीच भाकरी जशीच्या तशी बाहेर टाकली. हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कुणी म्हणते, दृष्ट लागली. कुणी म्हणते, कुत्रे ओकले, त्यात पाहायचे काय? आम्ही म्हणतो, नीट पाहा. त्यावरून त्याचे दुखणे कळते. वेळप्रसंगी आपला जीवही वाचतो.

घशापासून पोटापर्यंत एक नळी जाते. तिला अन्ननलिका म्हणतात. अन्न या नळीतूनच परत आले, तर कुत्र्याला जोर करावा लागत नाही. मान खाली केली, की घास घरंगळतो. अन्न ओळखू येते. अन्न पोटातून परत आले, तर ती खरी ओकारी. आधी लाळ सुटते, पोट आतबाहेर होते, मग अन्न पडते. त्यात पुष्कळदा पिवळे पित्त असते.

घास परत येण्याचे साधे कारण म्हणजे घाई. कुत्र्याचे दात फाडायचे आहेत, माणसासारखे चघळायचे नाहीत. त्यातून चार कुत्री एका ठिकाणी जेवली, की विचारूच नका! तेव्हा प्रत्येकाला वेगळे वाढावे. एकदम न घालता दोन-तीन वेळा थोडे थोडे घालावे. भांड्यात गिळता येणार नाही असा मोठा, गुळगुळीत धोंडा ठेवावा. मग त्याला सावकाश खावे लागते. शिजलेले हाड मात्र देऊ नये. त्याची कुसळे नळीत रुततात.

व्यालेली कुत्री कधी कधी पिलांपुढे अन्न ओकते आणि पिले ते खातात. हा रोग नव्हे, ही आईची माया. रानातले लांडगे आणि कोळसुंदेही असेच करतात.

पण रोज घास परत येतो, कुत्रा वाळतो, खोकतो, तर नळीत काही अडकले असेल किंवा नळी सैल पडली असेल. त्याला गुरांच्या दवाखान्यात न्यावे. ओकारीत रक्त दिसले किंवा विष खाल्ल्याचा संशय आला, तर क्षणभरही थांबू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. कुत्र्याला गिळता येत नाही, लाळ गळते, जबडा लोंबतो, आवाज बदलतो. आपल्याला वाटते, घशात हाडूक अडकले. मंडळी, त्याच्या तोंडात हात घालू नका! पिसाळलेला कुत्राही असाच दिसतो. त्याच्या लाळेत रोगाचे विष असते. दूर राहा, मुलांना दूर ठेवा आणि गुरांच्या डॉक्टरला कळवा.

कुत्रा चावला, ओरखडला, किंवा त्याची लाळ जखमेला अगर डोळ्यातोंडाला लागली, तर ती जागा लगेच धुवा. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा. डोळ्यातोंडाला नुसते पाणी वापरा. जखमेवर चुना, हळद, तिखट लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1885 साली या रोगाची लस माणसाला प्रथम टोचली. आज ती दंडात टोचतात. पूर्वीसारखी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत नाहीत. डॉक्टर सांगतील तितक्या सर्व सुया घ्या. रोग एकदा उमटला, की माणूस जवळजवळ वाचतच नाही.

आपल्या कुत्र्यालाही दरसाल लस टोचून घ्या. तो आपले घर राखतो. त्याला राखणे आपल्याकडे आहे.