मायचा रकाना : अध्यक्षीय भाषण

यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांतून पशुवैद्यक व पशुपालक येथे आले आहेत. अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे; परंतु लसीकरण, वैरण आणि दूधसंकलन यांचा तपशील छापील अहवालात असल्याने, अनेक वर्षे सांगायची राहून गेलेली एकच गोष्ट येथे मांडली जात आहे.

सकाळच्या सत्रात अँगस या स्कॉटलंडच्या काळ्या, बिनशिंगी गोवंशावर बराच वाद झाला. स्नायूंच्या तंतूंमध्ये बारीक चरबी पसरल्याने ज्याचे मांस जगभर वाखाणले जाते, त्या वंशाचे रेत येथील गाईंना द्यावे, असे एका गटाचे म्हणणे होते. तर १९७६ च्या कायद्याने गाईची आणि २०१५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने वळू व बैलांचीही कत्तल महाराष्ट्रात बंद असताना या जातीचे नावच काढू नये, असे दुसऱ्या गटाचे. दोन्ही गट मांसापाशी अडले. ज्या वहीमुळे अँगस ही जात म्हणून उभी राहिली, त्या वहीबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

रेताचा प्रश्न तर शेतातच निकालात निघतो. घाटंजीकडच्या एका शेतकऱ्याने जर्सी संकरित गोऱ्हा डवऱ्याला जुंपला होता. वशिंड नावापुरतेच असल्याने जू जागेवर ठरत नसे, खांदा सुजे, आणि पावसाने उघडीप दिली की दुपार होण्याआधीच तो तोंडाला फेस आणून कपाशीच्या तासात बसकण मारी. अँगसला तर वशिंड मुळीच नाही, आणि त्याचा दाट काळा केस थंड मुलखासाठी आहे.

घेण्यासारखे आहे ते वेगळेच. ह्यू वॉटसन या शेतकऱ्याने १८०८ च्या सुमारास कीलर येथे निवडक काळ्या गाई व वळू घेऊन पैदास सुरू केली. त्याची ‘ओल्ड ग्रॅनी’ नावाची गाय १८२४ मध्ये जन्मली, पस्तीस वर्षे जगली आणि तिला एकोणतीस वासरे झाली असे सांगतात. १८६२ मध्ये वंशनोंदवही, म्हणजे प्रत्येक जनावराचे आईबाप लिहून ठेवणारे पुस्तक, प्रसिद्ध झाले, आणि शेतकऱ्याच्या तोंडी असलेले ज्ञान पुढच्या पिढीच्या हाती पडले.

यवतमाळात हे ज्ञान नव्हते, असे कोणी म्हणू नये. दारव्ह्याकडच्या एका वृद्ध शेतकऱ्याने आपल्या बैलजोडीची माय, तिची माय, वळू कोणत्या गावचा, कोणती गाय दुष्काळातही गाभण राहिली आणि कोणती लाथ मारी, हे चार पिढ्यांपर्यंत न अडखळता सांगितले होते. कृत्रिम रेतनाच्या छापील वहीत मात्र त्यातले ‘गावठी’ एवढेच उतरले, कारण मायसाठी रकानाच नव्हता. तो शेतकरी गेला आणि त्याच्यासोबत त्या चार पिढ्याही गेल्या.

शेजारच्या वर्ध्याच्या गवळाऊ गोवंशाला नाव आहे, हेटीकुंडीचे प्रक्षेत्र आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या कठाणीलाही अलीकडे राष्ट्रीय नोंदणी मिळाली. यवतमाळच्या कपाशीत ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वखर, डवरा आणि तिफण ओढली, त्या जनावरांना मात्र आजही ‘गावठी’ म्हणून वाटेला लावले जाते, आणि हा अन्याय पशुवैद्यकांच्याच लेखणीने झाला आहे. कानात बारा अंकी पिवळा बिल्ला आला, आता वही कशाला, असा युक्तिवाद तरुण सहकारी करतात. परंतु बिल्ला मारताना माय कोण हे विचारलेच नाही, तर तो बिल्ला ते कसे सांगणार? राज्यातील गोवंश २०१२ च्या पशुगणनेत सुमारे १ कोटी ५५ लाख होता, तो २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाखांवर आला. ट्रॅक्टरमुळे की कायद्यामुळे, यावर खुशाल वाद व्हावा. मात्र तो मिटेपर्यंत विचारण्याजोग्या गाई आणि सांगण्याजोगी माणसे दोन्ही उरणार नाहीत.

म्हणून येत्या पोळ्याला, बैल तोरणाखाली उभे असताना आणि झडत्या चालू असताना, गावोगावी वही उघडावी, अशी या व्यासपीठाची विनंती आहे. ती कोणी सांभाळायची, खर्च कोणी करायचा, हे पुढील बैठकीत ठरवता येईल. रकाने थोडे असले तरी चालतील, पण पहिला मायचा असावा, आणि विचारणा गावातल्या सर्वांत वृद्ध गुराख्याच्या घरापासून सुरू व्हावी.