घरचा रेडिओ दूरच्या श्रोत्यांसाठी खुला करताना

घराच्या गच्चीवर अँटेनाने पकडलेला आवाज दुसऱ्या देशातल्या माणसाला ऐकू जावा, आणि रेडिओची सुईही त्यानेच आपल्या हाताने फिरवावी, अशी सोय आज साध्या ब्रॉडबँड जोडणीवर करता येते. यात एखाद्या केंद्राचा कार्यक्रम इंटरनेटवरून पुढे पाठवलेला नसतो. अँटेनावर जे जे येते ते सगळे ग्राहकयंत्र एकत्र घेते, त्याचे अंकांत रूपांतर करते, आणि त्यातला हवा तो तुकडा प्रत्येक श्रोता आपल्यापुरता वेगळा काढून घेतो. त्यामुळे एकाच वेळी एक श्रोता पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झवर असू शकतो आणि दुसरा ७ मेगाहर्ट्झवर हौशी रेडिओचालकांच्या गप्पा ऐकत असतो. दोघांचा एकमेकांना अडथळा होत नाही. जुन्या रेडिओत सुई एकच, म्हणून ऐकणाराही एकच. इथे सुईचे काम संगणकातल्या गणिताकडे गेलेले आहे आणि गणित एकाच वेळी अनेकांसाठी करता येते.

या पद्धतीची सुरुवात नेदरलँड्समध्ये झाली. तिथल्या ड्विंगेलो गावी १९५६ साली उभारलेली २५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. हौशी रेडिओचालक चंद्रावर संदेश आपटवून परत ऐकण्याचा खटाटोप करतात. जाऊन येऊन सुमारे अडीच सेकंद लागणारा तो प्रतिध्वनी इतका क्षीण असतो की लहान अँटेनावर तो हाती लागणे कठीण. या दुर्बिणीचा कान सगळ्यांना वापरता यावा, या विचारातून पीटर-च्यर्क द बूर यांनी २००७ च्या अखेरीस ‘वेबएसडीआर’चे काम सुरू केले. पुढे ट्वेंटे विद्यापीठातल्या रेडिओ क्लबमध्ये त्यांनी चालवलेले ग्राहकयंत्र जगभर माहीत झाले. २०१२ पासून ते लघुलहरींचा जवळजवळ सगळा पट्टा एकदम ऐकवते आणि एका वेळी शेकडो माणसे त्यावर असतात.

घरगुती हौशीला इतक्या श्रोत्यांची सोय करायची नसते. त्याच्यासाठी मुख्यतः दोन वाटा आहेत. पहिली ‘किवीएसडीआर’ची. न्यूझीलंडमध्ये तयार झालेले हे यंत्र २०१६ साली लोकवर्गणीतून बाजारात आले. दहा किलोहर्ट्झपासून तीस मेगाहर्ट्झपर्यंतचा सगळा पट्टा ते एका दमात घेते, नेहमीच्या मांडणीत एका वेळी चार श्रोते सांभाळते, आणि श्रोत्याला ब्राउझरशिवाय काहीही लागत नाही. दुसरी वाट स्वस्त आहे. टीव्ही पाहण्यासाठी बनवलेली बोटभर लांबीची यूएसबी पट्टी रेडिओग्राहक म्हणून वापरता येते, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या ध्यानात आले. अशी पट्टी एखाद्या छोट्या संगणकाला लावून त्यावर हंगेरीत जन्मलेली ‘ओपनवेबआरएक्स’ ही मोफत प्रणाली चालवता येते. दोन्हींतला फरक मात्र समजून घ्यायला हवा. यूएसबी पट्टी संकेताची उंची २५६ पायऱ्यांत मोजते, किवी सोळा हजारांहून अधिक पायऱ्यांत. शेजारच्या जोरदार केंद्राच्या सावलीतला बारीक आवाज पट्टीत बुडून जातो, किवीत तग धरतो. शिवाय पट्टी एका वेळी दोन-अडीच मेगाहर्ट्झ रुंदीचाच तुकडा पाहते, म्हणून तिच्यावरच्या सगळ्या श्रोत्यांना त्याच तुकड्यात राहावे लागते, आणि लघुलहरींसाठी तिला बहुधा वेगळी जोड द्यावी लागते. शिकण्यासाठी, किंवा १४४ मेगाहर्ट्झवरच्या स्थानिक हौशी मंडळींना ऐकवण्यासाठी ती पुरेशी आहे. लघुलहरी जगाला ऐकवायच्या असतील तर पहिल्या वाटेचा खर्च सार्थकी लागतो.

यंत्र कोणते, याहून ते कुठे बसवले, याला जास्त महत्त्व आहे. युरोप आणि अमेरिकेत अशी ग्राहकयंत्रे दाटीने आहेत. दक्षिण आशियात ती विरळ आहेत. लंडनच्या किंवा टोकियोच्या श्रोत्याला इथल्या यंत्रातून इथले आकाश ऐकायचे असते. सूर्य मावळला की वातावरणाचा जो खालचा थर दिवसा मध्यमलहरी शोषून घेतो तो विरतो, आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रे एकेक करून वर येऊ लागतात. हे पश्चिम महाराष्ट्रातल्या गच्चीवरून कसे घडते, ते ट्वेंटेच्या यंत्रातून कधीच कळणार नाही. परदेशातल्या मराठी माणसाला केवळ कार्यक्रम ऐकायचा असेल तर आकाशवाणीचे स्वतःचे ॲप अधिक स्वच्छ ऐकवते. खरखरीतून वर येणारा आणि मधेच विरणारा आवाज मात्र त्याला अशाच यंत्रातून मिळेल.

म्हणून सगळ्यात आधी घरातली खरखर शोधावी. आजच्या घरात रेडिओचे शत्रू पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले आहेत. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, लॅपटॉपचे अडॅप्टर, इन्व्हर्टर, छतावरच्या सौर पॅनेलचे विद्युत परिवर्तक, पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सगळ्यांतून विजेचे झपाट्याने तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकडा लघुलहरींत आपली कुजबुज सोडतो. ती शोधायला महागडे उपकरण लागत नाही. सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर मध्यमलहरींवर, दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी लावावा आणि तो हातात धरून घरभर, जिन्यात, गच्चीवर फिरावे. मग घराचा मुख्य स्विच बंद करून पुन्हा फिरावे. दोन फेऱ्यांतल्या फरकावरून गोंगाट घरचा किती आणि शेजारचा किती, हे कळते. घरचा असेल तर एकेक उपकरण बंद-चालू करत मूळ सापडते. शेजारचा असेल तर अँटेना हलवावी.

अँटेना घरापासून जितकी दूर तितकी बरी. गावाकडे आवारात झाड किंवा विहिरीजवळचा खांब असेल, तर तिथून पंधरा-वीस मीटर लांबीची साधी तार ताणली तरी उत्तम काम होते. जागा कमी असेल तर ‘मिनी-व्हिप’ नावाची छोटी अँटेना वापरतात. तळहाताएवढी तांब्याची पट्टी आणि तिच्यालगतचा ॲम्प्लिफायर एवढाच तिचा पसारा. ट्वेंटेच्या प्रसिद्ध यंत्रालाही अशीच अँटेना आहे. मात्र ती खांबावर उंच आणि घराच्या वायरिंगपासून अलग हवी. तिच्या केबलचे बाहेरचे कवच घराच्या अर्थिंगला जोडलेले राहिले तर घरातली सगळी खरखर कवचावरूनच चढून अँटेनात शिरते आणि दोष नाहक अँटेनावर येतो. खांबाच्या पायथ्याशी जमिनीत स्वतंत्र सळई ठोकून कवच तिला जोडावे, आणि केबलवर फेराइटची कडी घालावीत. शहरातल्या सदनिकेत बाल्कनीत ठेवण्यासारखी मीटरभर व्यासाची लूप अँटेना हा तिसरा पर्याय. ती फिरवली की एका दिशेचे ऐकू येणे कमी होते. गोंगाट करणाऱ्या शेजाऱ्याकडे तिची ती बाजू वळवावी.

मध्यमलहरींचे प्रक्षेपक जवळ असेल तर वेगळीच अडचण येते. किवीसारखे यंत्र सगळा पट्टा उघड्या दाराने आत घेते, त्यामुळे एकाच बलवान केंद्राने मोजपट्टी भरून जाते आणि मग पट्ट्यातले सगळे संकेत पडद्यावर दाखवणाऱ्या ‘वॉटरफॉल’च्या चित्रात नको तिथे त्या केंद्राची भुते दिसू लागतात. मध्यमलहरी अडवणारा फिल्टर हा त्यावर उपाय आहे. तो लावला की मध्यमलहरी ऐकवण्याचा नाद सोडावा लागतो. ज्याला दोन्ही हवे असेल त्याने फिल्टरऐवजी अँटेनाच लहान करून पाहावी.

महाराष्ट्रात अँटेना उभारताना वळवाच्या विजांचा विचार टाळता येत नाही. केबल घरात शिरते तिथे वीजरोधक बसवून त्याचे अर्थिंग जाड तारेने थेट जमिनीत न्यावे. वीजरोधकाने दूरच्या विजेचा झटका जिरतो. जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचा इलाज चालत नाही. त्यामुळे ढग गडगडू लागताच केबल काढून घराबाहेर ठेवण्याची सवय हवी, आणि इंटरनेटची तांब्याची तार घरात येत असेल तर तीही काढावी. श्रोत्यांना यंत्र दोन तास बंद दिसले तर काही बिघडत नाही.

इंटरनेटच्या बाजूला लक्ष द्यायचे ते चढत्या वेगाकडे, म्हणजे घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीच्या वेगाकडे. एका श्रोत्याच्या आवाजाला सेकंदाला सुमारे पन्नास किलोबिट लागतात, वॉटरफॉलच्या चित्राला त्याहून बरेच जास्त. चार श्रोत्यांसाठी एक मेगाबिट हाताशी ठेवावा. तो महिनाभर अखंड वाहिला तर सव्वातीनशे जीबी होतात, म्हणून योजनेतली मासिक मर्यादा आधीच पाहून घ्यावी.

खरा अडसर पत्त्याचा असतो. अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. चाळीचा पत्ता आहे पण खोली क्रमांक नाही, अशातली ही गत. बाहेरून आलेला श्रोता नेमक्या दारापर्यंत पोहोचत नाही. कंपनीकडे स्वतंत्र स्थिर पत्ता मागणे हा सरळ मार्ग, त्याला बहुधा जादा पैसे पडतात. नाहीतर मधल्या सर्व्हरची मदत घ्यावी लागते: घरचे यंत्र स्वतःहून त्या सर्व्हरशी जोडलेले राहते आणि श्रोते तिथून येतात. किवीच्या निर्मात्यांनी अशी सोय ठेवलेली आहे. स्वतंत्र पण बदलता पत्ता असेल, तर राउटरमध्ये ८०७३ क्रमांकाचे दार यंत्राकडे वळवून बदलत्या पत्त्याला कायमचे नाव देणारी सेवा घेतली की काम होते. तेवढे एकच दार उघडावे. यंत्राचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, आणि जमल्यास घरातल्या इतर संगणकांपासून यंत्राचे जाळे वेगळे ठेवावे.

घरातले बोलणे बाहेर जाईल का, ही शंका अनेक कुटुंबांत निघते. यंत्राला मायक्रोफोन नसतो. बाहेर जाते ते अँटेनावर आलेलेच. जपायची ती घराची जागा. जगाच्या नकाशावर यंत्र दाखवताना घराचे नेमके अक्षांश-रेखांश देण्याची गरज नाही. हौशी रेडिओचालकांत रूढ असलेली चौकट पद्धत पुरते. पुण्याची चौकट ‘एमके६८’. ती सुमारे दोनशे दहा किलोमीटर रुंद आणि एकशे दहा किलोमीटर उंच आहे. इथले आकाश ऐकू पाहणाऱ्याला एवढी माहिती पुरेशी असते, आणि घर कोणालाच सापडत नाही.

कायद्याची बाजू हलक्यात घेऊ नये. भारतात १९३३ च्या कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगण्यास मनाई केली होती, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरणे बाळगण्यासाठी अधिकृत परवानगीची तरतूद आहे. ज्याच्याकडे हौशी रेडिओचा परवाना आहे त्याची बाजू भक्कम. नसेल त्याने आधी तो घ्यावा किंवा संबंधित खात्याकडे विचारणा करावी. शिवाय काय ऐकवावे, यालाही मर्यादा आहे. प्रसारण केंद्रे आणि हौशी चालक सर्वांनी ऐकावे म्हणूनच बोलतात. पोलिसांचे, सैन्याचे, विमानांचे संभाषण तसे नसते, आणि ब्रिटनसह अनेक देशांत ते ऐकणेही बेकायदा आहे. दोन्ही प्रणालींत ऐकवायचे पट्टे ठरवण्याची सोय आहे. आपल्या गच्चीवरून कोण काय ऐकतो याची जबाबदारी गच्चीच्या मालकावर येऊ शकते, म्हणून ती सोय पहिल्या दिवसापासून वापरावी.

श्रोत्यांसाठीही थोडे नियम लागतात. एकच माणूस दिवसभर जागा अडवून बसू नये म्हणून तास-दोन तासांची मर्यादा घालता येते. चारच जागा असलेल्या यंत्रावर ती घालावीच. परवानाधारक चालक स्वतःचा आवाज दूर कसा पोहोचतो, हे तपासायला अशी यंत्रे आवडीने वापरतात आणि त्यात गैर काही नाही. हौशी चालकांच्या स्पर्धेत मात्र असे दूरचे यंत्र वापरलेले चालत नाही. ‘सीक्यू वर्ल्डवाइड’ स्पर्धेच्या नियमाप्रमाणे एका केंद्राची सगळी प्रक्षेपके आणि ग्राहकयंत्रे ५०० मीटर व्यासाच्या वर्तुळात असावी लागतात.

किवीच्या यंत्रात जीपीएसचीही जोड आहे आणि तिची छोटी अँटेना आकाश दिसेल अशी ठेवण्यात आळस करू नये. तिच्यामुळे यंत्राचे घड्याळ अत्यंत अचूक राहते. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात तीनशे मीटर जाते. तेव्हा तीन-चार ठिकाणच्या अशा यंत्रांवर एकच संकेत किती फरकाने पोहोचला हे मोजले की तो कुठून निघाला, याचा अंदाज बांधता येतो. हौशी मंडळी या रीतीने लघुलहरींवरचे अनोळखी प्रक्षेपक शोधतात. संकेताच्या चहूबाजूंना यंत्रे असली तर अंदाज चांगला जमतो, आणि दक्षिणेकडची बाजू बऱ्याचदा रिकामी असते. महाराष्ट्रातले एक चालू यंत्र तिथे मोलाचे ठरते.

एकदा सुरू झालेले यंत्र चालू ठेवणे हेच पुढचे काम. त्याला पाच व्होल्टचा, शक्यतो ट्रान्सफॉर्मरवाला वीजपुरवठा द्यावा. स्वस्त अडॅप्टर लावला तर गोंगाटाचा उगम आपणच यंत्राशेजारी आणून ठेवतो. वीज वारंवार जाते तिथे राउटर आणि यंत्र दोन्ही बॅटरीवर असावीत. पावसाळ्याआधी केबलचे सांधे रबरी चिकटपट्टीने गुंडाळावेत, केबलला घरात शिरण्यापूर्वी खालच्या बाजूला झोळ द्यावा म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाते. पावसाळा संपला की सांधे उघडून हिरवट गंज बघावा. आणि दर आठवड्याला एकदा, घरच्या जाळ्यावरून नव्हे तर मोबाइलच्या डेटावरून, परक्या श्रोत्यासारखे स्वतःच्या यंत्रावर जावे. भरदुपारी आणि रात्री नऊला तीच दोन-तीन केंद्रे ऐकून ती किती उठून येतात याची वहीत नोंद ठेवावी. सांध्यात पाणी शिरले, शेजारी नवे सौर पॅनेल आले किंवा घरात नवा दिवा लागला, तर ते आधी या वहीतच दिसते.