सरळ रेघ वाकडी दिसू लागते तेव्हा

काशीस येणाऱ्या महाराष्ट्रीयाला दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली मराठी घराणी भेटतात. या घरांतील वडीलधारी माणसे पोथी वाचताना डोळ्यांची तक्रार करू लागली, की घरच्यांचे निदान तयारच असते : "मोतीबिंदू असेल, सवडीने काढू." सुश्रुताने काशिराज दिवोदासापाशी शल्यविद्या संपादिली अशी परंपरा आहे, आणि त्याच्या संहितेत नेत्ररोगांची संख्या ७६ दिली आहे. त्याच काशीत आपण सारे रोग एका मोतीबिंदूत कोंबावेत, हे काही बरे नव्हे.

मोतीबिंदूत सारे दृश्यच धुक्यात शिरल्यासारखे होते. पीतबिंदूच्या ऱ्हासाची तऱ्हा वेगळी. डोळ्याच्या मागील दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू हा जेमतेम साडेपाच मिलिमीटर रुंदीचा भाग असतो. वाचणे, सुई ओवणे, चेहरे ओळखणे ही बारीक कामे त्याच्याकडे सोपविलेली. उतारवयात तो झिजू लागला म्हणजे कडेचे दिसते आणि मधलेच हरवते. ओळीतील एखादे अक्षर गळते. घाटाच्या सरळ पायऱ्या मध्येच लहरल्यासारख्या भासतात. (मणिकर्णिकेजवळील रत्नेश्वर महादेवाचे देऊळ मात्र खरोखरच कललेले आहे; तेवढ्यावरून कोणी वैद्याकडे धावू नये !)

या रोगाचा दगा असा, की एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा बिनबोभाट भरून काढतो. म्हणून एकेक डोळा झाकूनच परीक्षा करावी लागते. स्विस नेत्रवैद्य मार्क आम्स्लर यांनी यासाठी एक साधा चौकोन रूढ केला. दहा सेंटिमीटरांची बाजू, आत अर्ध्या सेंटिमीटरची घरे, मधोमध ठिपका. वाचनाचा चष्मा लावून तो सुमारे ३० सेंटिमीटरवर धरावा आणि ठिपक्याकडे पाहावे. रेघा वाकल्या किंवा काही घरे पुसली गेली, तर ते दुश्चिन्ह समजावे. आम्हा सरकारी नोकरांना आखीव कागदाचे कौतुक फार. पण त्याचा इतका चांगला उपयोग मी कचेरीत पाहिला नाही.

पुढचे काम डॉक्टरांचे. थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि आतील पटल न्याहाळतात. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये नेत्रदर्शक जगापुढे ठेविल्यापासून हे शक्य झाले. पटलाखाली पिवळसर कण आढळतात. बारीक व मोजके असतील तर ते वयाचेच देणे, मोठे व पुष्कळ असतील तर संशय बळावतो. रक्त वा पाणी दिसले तर प्रकरण तातडीचे. थेंबांमुळे काही तास धूसर दिसते, म्हणून पुष्कळ वृद्ध ते घालूच देत नाहीत, आणि नुसता चष्म्याचा नंबर बदलून घरी येतात. येथेच रोग निसटतो.

कोरडा प्रकार वर्षानुवर्षे सावकाश चालतो. त्यात गेलेली दृष्टी परत आणणारे औषध नाही, पण धूम्रपान सोडल्याने धोका कमी होतो. ओल्या प्रकारात नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटून पाझरतात, आणि काही दिवसांत वा आठवड्यांत मधली दृष्टी जाऊ शकते. २००६ च्या सुमारास रूढ झालेल्या, डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांनी ती पुष्कळदा राखता येते. मात्र ती वेळेवर आणि पुन:पुन्हा घ्यावी लागतात. रेघ वाकडी दिसली, की सणवार उलटण्याची वाट पाहू नये. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्रविभाग आहे.

रोग बळावलेला माणूस आंधळा होत नाही, आणि म्हणूनच घरात गैरसमज होतो. तो गल्लीतून वाट काढतो, पायरीवर नेमका पाय ठेवतो. पण समोर उभ्या नातवाला ओळखीत नाही. मग आजोबा सोंग करतात, असे कोणी म्हणतो. अशा माणसाशी बोलताना आधी आपले नाव सांगावे.