विद्यापीठाला ग्रंथपाल हवा



विष्णुपुरीला गोदावरीचे पाणी अडविलेले आहे. पण या ठिकाणचे खरे वैशिष्ट्य अडविलेले पाणी नव्हे, तर उचललेले पाणी हे आहे. नदीचे पात्र खाली आणि शेते वर, म्हणून येथे पाणी उपसून कालव्यात सोडावे लागते. उपसा थांबला, तर जलाशय काठोकाठ भरलेला असूनही वरची शेते कोरडीच राहतात.

याच विष्णुपुरीच्या परिसरात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभे आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाचा मुहूर्त साधून, त्याची स्थापना झाली. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. अशा विद्यापीठाच्या ग्रंथालयाची स्थिती विष्णुपुरीच्या जलाशयासारखीच असते. ज्ञानाचा साठा एका ठिकाणी असतो आणि तहान दूर किनवट-माहूरच्या डोंगरात, जळकोट-अहमदपूरच्या बालाघाटात असते. हा उपसा करणारा माणूस म्हणजे विद्यापीठाचा ग्रंथपाल. म्हणून त्याची निवड कशी व्हावी, हा प्रश्न केवळ कार्यालयीन राहत नाही. त्यात या प्रदेशाच्या पुढच्या पिढीचे हित गुंतलेले आहे.

दुर्दैवाने या पदाकडे पाहण्याची सर्वसाधारण दृष्टी निराळी आहे. कुलगुरू कोण होणार, याची चर्चा वृत्तपत्रांतून महिनोन् महिने चालते. ग्रंथालयाचे प्रमुखपद मात्र रिक्त झाले, तरी कोणाला त्याची खंत वाटत नाही. एखाद्या प्राध्यापकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ सोपविला जातो आणि तो कार्यभार वर्षानुवर्षे चालू राहतो. प्रभारी माणूस प्रामाणिक असला, तरी त्याला पाच वर्षांचा विचार करता येत नाही. तो रोजच्या सह्या करतो, ग्रंथखरेदीची देयके मार्गी लावतो आणि मुदत संपण्याची वाट पाहतो. इमारत असते, ग्रंथ असतात, संगणक असतात, फक्त दिशा नसते.

बडोद्याचे उदाहरण

ग्रंथालयासाठी योग्य माणूस शोधणे म्हणजे काय, हे एका मराठी राज्यकर्त्याने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९०६ साली अमेरिकेचा प्रवास केला आणि तेथील सार्वजनिक ग्रंथालये बारकाईने पाहिली. त्याच सुमारास बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले होते. शाळेतून बाहेर पडलेला मुलगा पुढे काही वाचणारच नसेल, तर ती साक्षरता किती काळ टिकेल, असा प्रश्न महाराजांपुढे होता. त्यांनी न्यू हेवन येथील अनुभवी ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना पाचारण केले. १९१० साली बॉर्डन बडोद्यास आले आणि राज्याच्या ग्रंथालय खात्याची सूत्रे त्यांनी हाती घेतली.

या कथेतील बोधाचा भाग मात्र पुढेच आहे. बॉर्डन बडोद्यात राहिले ते अवघी तीन वर्षे. १९१३ साली ते परतले. पण तेवढ्या अवधीत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली आणि स्थानिक तरुणांसाठी प्रशिक्षणवर्ग चालविला. ग्रंथालयाला वाहिलेले एक नियतकालिकही इंग्रजी, गुजराती आणि मराठी या तिन्ही भाषांतून सुरू झाले. ते गेल्यावर काम थांबले नाही. ज. स. कुडाळकर आणि मोतीभाई अमीन यांच्यासारख्यांनी ते पुढे नेले. लाकडी पेट्यांतून ग्रंथ गावोगाव जाऊ लागले. बाहेरचा तज्ज्ञ आणावा की घरचा नेमावा, हा वाद बडोद्याने घातलाच नाही. तेथे कसोटी एकच होती. येणारा माणूस आपल्या मागे माणसे उभी करून जाईल काय?

मद्रासची निवड

दुसरे उदाहरण मद्रास विद्यापीठाचे. १९२३ साली तेथे ग्रंथपालाचे पद निर्माण झाले. सुमारे ९०० अर्ज आले, परंतु ग्रंथालयशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेला त्यांत एकही नव्हता. निवड झाली ती प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताच्या एका अध्यापकाची. त्यांचे नाव शियाळी रामामृत रंगनाथन. जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले आणि काही दिवसांतच कंटाळले. वर्गात विद्यार्थ्यांमध्ये रमणाऱ्या या माणसाला ग्रंथालयातील ओसाडपणा असह्य झाला. पुन्हा अध्यापनाकडे परत पाठवा, असे त्यांनी विनविले.

येथे संस्थेची परीक्षा होती. अर्ज तर शेकड्यांनी आलेले होते, दुसरा कोणी सहज नेमता आला असता. तसे झाले नाही. आधी इंग्लंडला जाऊन या विषयाचा अभ्यास करा, परतल्यावरही मन रमले नाही तर अध्यापनाचा मार्ग मोकळा आहे, असा तोडगा निघाला. रंगनाथन लंडनला शिकले, तेथील अनेक ग्रंथालये त्यांनी पाहिली आणि १९२५ साली ते परतले ते आयुष्यभराचे ग्रंथपाल होऊनच. ग्रंथ हा कपाटात जपण्यासाठी नसून वाचकाच्या हाती देण्यासाठी असतो, या विचारावर त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली. १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. आज १२ ऑगस्ट हा दिवस ग्रंथपालदिन म्हणून देशभर साजरा होतो, तो त्यांच्याच स्मरणार्थ.

मद्रासने ओळखली ती बुद्धी आणि तळमळ. जे उणे होते, ते शिकण्यासाठी वेळ दिला, संधी दिली. योग्य माणूस नेहमी तयार मिळतोच असे नाही. तो हेरावा लागतो आणि घडवावाही लागतो.

नियमांची चौकट आणि तिच्या पलीकडे

आज परिस्थिती बदललेली आहे. पात्रता निश्चित आहेत आणि त्या असायलाच हव्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने विद्यापीठ ग्रंथपालासाठी ग्रंथालय व माहितीशास्त्रातील किमान ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी, पीएच.डी. आणि विद्यापीठ ग्रंथालयातील, महाविद्यालयीन ग्रंथालयातील किंवा या विषयाच्या अध्यापनातील १० वर्षांचा अनुभव आवश्यक मानला. त्यासोबत नावीन्यपूर्ण ग्रंथालय सेवेचा पुरावाही मागितला. निवड समितीची रचना प्राध्यापकाच्या निवडीसारखीच ठेवली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने ग्रंथालयाला ‘ज्ञानस्रोत केंद्र’ असे व्यापक नाव दिले.

परंतु नियम सांगतात ती किमान पात्रता. दहा वर्षांचा अनुभव दहा वर्षांचा असू शकतो, अथवा एकाच वर्षाची दहा वेळा झालेली पुनरावृत्तीही असू शकते. हा फरक प्रमाणपत्रांवरून कळत नाही. तो मुलाखत घेणाऱ्यांना शोधून काढावा लागतो. उमेदवाराने आधीच्या ग्रंथालयात काय बदलले? तेथील वाचक त्याच्याविषयी काय सांगतात? त्याच्या हाताखालच्या किती सहकाऱ्यांनी पुढे स्वतंत्र जबाबदारी घेतली? या प्रश्नांची उत्तरे अर्जातील रकान्यांत नसतात. उमेदवाराला दोन दिवस विद्यापीठात बोलवावे, डोंगराळ भागातील एखादे महाविद्यालय दाखवावे आणि मग पाच वर्षांचा आराखडा मांडायला सांगावा. पंधरा मिनिटांच्या मुलाखतीत जे दिसत नाही, ते तेथे दिसेल.

साठा वाढला, उपसा कोण करणार?

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक संस्थांना उपलब्ध करून देणे, हा तिचा हेतू. ज्या संशोधनपत्रिकांची वर्गणी पूर्वी मोठ्या संस्थांनाच परवडत असे, त्या आता विष्णुपुरीसारख्या ठिकाणीही वाचता येऊ शकतात.

जलाशय भरला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण शेतकरी कुटुंबातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याला त्या पत्रिका आहेत हे कोण सांगणार? त्यांत शोधायचे कसे, वाचायचे कसे, हे मराठीतून कोण शिकविणार? जी खासगी संस्थांची महाविद्यालये या योजनेत मोडत नाहीत, त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी कोणता मार्ग काढायचा? या प्रश्नांचे उत्तर यंत्र देणार नाही. ते ग्रंथपालालाच द्यावे लागेल.

परीक्षेतील यशाचा ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्रभर नावाजला गेला. त्यामागील परिश्रम आदरास पात्र आहेत. मात्र अभ्यासिका आणि ग्रंथालय यांत अंतर आहे. अभ्यासिकेत विद्यार्थी स्वतःचीच पुस्तके घेऊन बसतो. ग्रंथालयात त्याला न मागितलेला ग्रंथही भेटतो आणि कधी कधी तोच त्याच्या आयुष्याला वळण देतो. अभ्यासिकेतील मुलगा ग्रंथालयापर्यंत आणणे, हे चांगल्या ग्रंथपालाचे पहिले यश मानले पाहिजे.

या भूमीचे ग्रंथधन

नांदेडच्या ग्रंथपालाला आणखी एक भान हवे. १७०८ साली याच नगरीत गुरू गोविंदसिंहजींनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथालाच गुरुपद दिले. नरसीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या संत नामदेवांची ६१ पदे त्या ग्रंथात आहेत. गंगाखेडला संत जनाबाईंचे स्मरण आहे. माहूर हे दत्तसंप्रदायाचे आणि महानुभावांचेही श्रद्धास्थान आहे. निजामी राजवटीचे बरेचसे दप्तर उर्दूत, तर कित्येक जुने व्यवहार मोडीत. देगलूर-बिलोलीकडे तेलुगूचा आणि उदगीर-निलंग्याकडे कन्नडचा शेजार. सप्टेंबर १९४८ पर्यंत चाललेल्या मुक्तिसंग्रामातील पत्रे, दैनंदिन्या आणि पत्रके अजूनही किती घरांच्या माळ्यांवर पडून असतील! ती वाळवीच्या तोंडी जाण्याआधी जमविणे, त्यांची सूची करणे आणि संगणकीय प्रती तयार करणे, हे काम परदेशी प्रकाशकाच्या योजनेतून होणार नाही. ज्याला या मातीविषयी आस्था आहे, तोच ते करील.

निवडीनंतरची जबाबदारी

निवड उत्तम झाली आणि पुढे साथ मिळाली नाही, तर सर्व व्यर्थ आहे. ग्रंथपालाला पुरेसा कार्यकाळ हवा, ग्रंथखरेदीचे निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य हवे आणि त्या निर्णयांचा जाबही त्याने द्यायला हवा. प्रशिक्षित सहकाऱ्यांच्या जागा भरलेल्या हव्यात. संलग्न महाविद्यालयांच्या ग्रंथपालांचा मार्गदर्शक म्हणून त्याला अधिकाराचे स्थान हवे. चांगली माणसे पुण्या-मुंबईकडेच जातात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खोटी नाही. तथापि कर्तबगार माणसाला वेतनाइतकेच मोठ्या कामाचेही आकर्षण असते. बडोद्याने बॉर्डन यांच्यापुढे एक खोली आणि काही कपाटे ठेवली नव्हती, तर सबंध राज्य ठेवले होते. विष्णुपुरीही चार जिल्हे देऊ शकते.

समाजाचा वाटाही यात आहे. मुलाचा प्रवेश घेताना पालक वसतिगृह पाहतात, निकालाची टक्केवारी विचारतात. येथे ग्रंथपाल कोण आहे, हा एक प्रश्न त्यांनी वाढवावा. ज्यांच्या घरी जुने कागद, पोथ्या, दप्तरे आहेत, त्यांनी ती विद्यापीठाला दाखवावीत. अधिसभेवर आणि व्यवस्थापन परिषदेवर निवडून जाणाऱ्यांनी ग्रंथालयाच्या रिक्त पदांविषयी पहिल्याच बैठकीत विचारणा करावी. विचारणारा समाज असला, की नेमणारेही जबाबदारीने नेमतात.

स्वामी रामानंद तीर्थ मूळचे शिक्षक होते. मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करण्यापूर्वी त्यांनी हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांतून मुले घडविली. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात संध्याकाळी सहा वाजता किनवटचा एखादा मुलगा ग्रंथालयाच्या दारात येईल. तेव्हा त्याला काय हवे आहे, हे आस्थेने विचारणारे कोणी आत असले पाहिजे.