मालक, कंपनी आणि कंपनी सेक्रेटरी
(कोल्हापुरात भरलेल्या कंपनी सेक्रेटरी विद्यार्थी परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, इन्स्टिट्यूटच्या प्रादेशिक परिषदेचे आणि चॅप्टरचे पदाधिकारी, नोकरीत आणि प्रॅक्टिसमध्ये असलेले कंपनी सेक्रेटरी, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलहून आलेले माझे उद्योजक मित्र, पालकवर्ग, आणि ज्यांच्यासाठी हा मांडव घातला ते विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो,

करवीरनगरीत आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत.

सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, गोवा अशा ठिकठिकाणांहून आपण आला आहात. शिकायला आलेल्या पोरांची सोय करणं या गावाच्या अंगवळणी पडलेलं आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये इथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे जातीजातींची वसतिगृहं उभी राहिली. याच राजानं १९०६ मध्ये शाहू मिल काढली. शिक्षण आणि उद्योग यांचा मेळ घालायला कोल्हापूरला कुणी नव्यानं शिकवावं लागत नाही. ज्या शाहूपुरीत गुळाचे सौदे निघाले, त्याच शाहूपुरीत आज एका सूचीबद्ध बँकेचं नोंदणीकृत कार्यालय आहे. १९४३ मध्ये इथे सुरू झालेली रत्नाकर बँक म्हणजेच आजची आरबीएल बँक. तासाभराच्या अंतरावर किर्लोस्करवाडी आहे. माळरानावरच्या त्या कारखान्याची १९२० मध्ये लिमिटेड कंपनी झाली. तेव्हा 'कंपनी' हा प्रकार मुंबईच्या नरिमन पॉइंटवर जन्मला, असा कुणाचा समज असेल तर तो इथेच उतरवून ठेवावा.

स्वागताध्यक्ष निवडताना विद्वत्तेपेक्षा वर्गणी बघायची, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या रीतीनंच हा मान एका फाउंड्रीवाल्याकडे आला असावा. मी सीए नाही, सीएस नाही, वकीलही नाही. पण तुम्ही पास होऊन नोकरीला लागाल तेव्हा टेबलाच्या पलीकडे माझ्यासारखाच कुणीतरी बसलेला असेल. म्हणून तुमच्या व्यवसायाकडे पलीकडच्या खुर्चीतून पाहिलं तर काय दिसतं, एवढंच सांगणार आहे.

आमच्यासारख्या घरच्या कारखान्यात एक समज पक्का असतो : कंपनी माझी आहे. जमीन आजोबांनी घेतली, भट्टी वडिलांनी लावली, बँकेला सही मी दिली, मग कंपनी दुसऱ्या कुणाची? या प्रश्नाचं उत्तर इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १८९६ मध्येच देऊन ठेवलंय. तुम्हाला तो खटला पाठ असेल; समोर बसलेल्या माझ्या उद्योजक मित्रांसाठी सांगतो. लंडनमध्ये आरोन सॉलोमन नावाचे बूट तयार करणारे व्यापारी होते. त्यांनी आपल्या धंद्याची कंपनी केली. एकूण शेअर २०,००७. त्यातले २०,००१ त्यांचे स्वतःचे, उरलेले सहा बायको आणि पाच मुलांच्या नावे एकेक. पुढे कंपनी बुडाली आणि देणेकरी म्हणाले, ही कसली कंपनी, हा तर सॉलोमनच! न्यायालयानं सांगितलं, नाही; सॉलोमन वेगळे आणि कंपनी वेगळी. २०,००७ पैकी २०,००१ शेअर हातात असूनही कंपनी ही निराळी व्यक्ती ठरली.

मर्यादित जबाबदारीचा फायदा आम्ही सगळे आनंदानं घेतो. कंपनी बुडाली तर घर वाचतं, हे आम्हाला लगेच समजतं. पण त्याच नियमाची दुसरी बाजू अशी, की कंपनीचा पैसा आमचा नाही, कंपनीची जागा आमची नाही आणि कंपनीचा निर्णय म्हणजे आमची लहर नाही. ही बाजू आम्ही सोयीस्करपणे विसरतो. या निराळ्या व्यक्तीला ना तोंड आहे, ना हात. बोर्डाच्या बैठकीत तिच्या वतीनं बोलायचं कुणी? संचालकांचे हितसंबंध असतात, बँकेला तिचं कर्ज दिसतं, ऑडिटर वर्षअखेरीला येतो. रोज तिच्या बाजूनं उभं राहण्यासाठी पगार घेणारा माणूस म्हणजे कंपनी सेक्रेटरी. मालकाचा नव्हे, कंपनीचा. तुमच्या व्यवसायाचं मर्म माझ्या मते एवढंच आहे आणि त्यातली अडचणही इथेच आहे. कारण पगाराच्या चेकवर सही मालकाची असते.

कंपनीच्या बाजूनं बोलण्याचा हा मान तुमच्या व्यवसायाला आयता मिळालेला नाही. १८८७ मधल्या एका इंग्लिश निकालात लॉर्ड ईशर यांनी सेक्रेटरीला निव्वळ सांगकाम्या नोकर ठरवलं होतं. १९७१ मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्यापुढे असं प्रकरण आलं, की एका सेक्रेटरीनं कंपनीच्या नावावर भाड्यानं मोटारी घेतल्या आणि स्वतःच्याच कामाला फिरवल्या. भाडं मात्र कंपनीला भरावं लागलं. कारण काळ बदलला होता : सेक्रेटरी हा कंपनीचा अधिकारी आहे आणि कारभाराच्या बाबतीत त्याच्या शब्दानं कंपनी बांधली जाते, असं न्यायालयानं मानलं. गंमत बघा, तुमचा दर्जा वाढवणारा निकाल एका लबाड सेक्रेटरीमुळे मिळाला!

आपल्याकडे ४ ऑक्टोबर १९६८ रोजी कंपनी सेक्रेटरींची इन्स्टिट्यूट स्थापन झाली, १९८० मध्ये कंपनी सेक्रेटरीज् अ‍ॅक्ट आला आणि १ जानेवारी १९८१ पासून इन्स्टिट्यूटला वैधानिक दर्जा मिळाला. २०१३ च्या कंपनी कायद्यानं तर सेक्रेटरीला व्यवस्थापकीय संचालक आणि सीएफओ यांच्याच पंगतीत बसवलं. सूचीबद्ध कंपनी असो, किंवा १० कोटी आणि त्याहून अधिक भरणा झालेलं भागभांडवल असलेली पब्लिक कंपनी असो, कलम २०३ प्रमाणे तिला पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी हवाच. १ एप्रिल २०२० पासून त्याच भांडवलाच्या प्रायव्हेट कंपनीलाही तो नेमावा लागतो. नेमणूक मालकाच्या तोंडी हुकमानं होत नाही, बोर्डाच्या ठरावानं होते. नेमला नाही तर कंपनीला ५ लाखांचा दंड आहे.

माझ्या शेतकरी बांधवांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. शेतकरी उत्पादक कंपनीची सरासरी वार्षिक उलाढाल लागोपाठ तीन आर्थिक वर्षं ५ कोटींच्या वर गेली, तर तिलाही पूर्णवेळ सेक्रेटरी ठेवावा लागतो. म्हणजे विद्यार्थ्यांनो, तुमची नोकरी फक्त काचेच्या इमारतीत नाही. द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये आणि हळदीच्या गोदामाशेजारीही आहे. मुंबई-पुण्याकडे डोळे लावून बसलेल्यांनी याचा विचार करावा.

आता प्रत्यक्ष कामाचं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, सेक्रेटरी म्हणजे पोर्टलवर फॉर्म चढवणारा माणूस. फॉर्म चढवावे लागतातच. ताळेबंदाचा फॉर्म वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत, वार्षिक विवरणपत्र ६० दिवसांत, आणि उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे रोजचे १०० रुपये. या कामाला क्षुल्लक म्हणणाऱ्यांनी २०१७ साल आठवावं. वर्षानुवर्षं विवरणपत्रं न भरणाऱ्या दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावं तेव्हा रजिस्टरमधून खोडली गेली आणि तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरले. त्यात सगळेच लबाड नव्हते; कितीतरी जण निव्वळ गाफील होते.

पण खरं काम फॉर्मच्या आधी असतं. समजा, कारखान्याचं भंगार मालकाच्या पुतण्याची फर्म उचलते. घरात कुणाला यात वावगं वाटत नाही. सेक्रेटरीनं इथे दोन चुका टाळायच्या असतात. एक, मान डोलवून गप्प बसणं. दुसरी, 'कायद्यात बसत नाही' म्हणून फाइल आपटणं. चांगला सेक्रेटरी सांगतो : हितसंबंध लेखी जाहीर करा, बाहेरच्या दोघा-तिघांची कोटेशन्स घ्या, भाव बाजाराइतका आहे हे कागदावर दाखवा आणि विषय बोर्डापुढे ठेवा. व्यवहार सचोटीचा असेल तर तो याच वाटेनं होतो. सचोटीचा नसेल तर मालक स्वतःच म्हणतो, राहू दे. आम्हा मालकांना असा माणूस हवा असतो. फक्त तो हवा असल्याचं आम्ही कबूल करत नाही.

आणि जे झालं ते लिहून ठेवणं. वर्षाला किमान चार बोर्ड मीटिंग, दोन मीटिंगमध्ये १२० दिवसांहून जास्त अंतर नाही, सात दिवस आधी नोटीस, इतिवृत्ताचा मसुदा १५ दिवसांत संचालकांकडे, ३० दिवसांत मिनिटबुकात नोंद. तुम्हाला हे आकडे परीक्षेपुरते वाटत असतील. आमच्या धंद्यात कास्टिंगच्या पोटात ब्लोहोल राहिलं तर वरून दिसत नाही. ग्राहकाकडे मशीनिंगला गेल्यावर ते उघडं पडतं. इतिवृत्तातली पोकळीही अशीच. दहा वर्षांनी गुंतवणूकदार येतो, भावाभावांत वाटणी निघते किंवा प्रकरण कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत जातं, तेव्हा सगळे विचारतात, त्या दिवशी नेमकं काय ठरलं होतं? एखाद्या संचालकानं विरोध नोंदवला असेल तर तो मिनिटबुकात सापडला पाहिजे, मग मालक कितीही नाराज होवो. मागची तारीख टाकून इतिवृत्त लिहायला कुणी सांगितलं तर त्या कागदाखालची सही तुमची असणार आहे, हे लक्षात असू द्या. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या व्याख्येत कायदा सेक्रेटरीलाही धरतो.

विद्यार्थ्यांनो, या वाटेचे टप्पे तुम्हाला ठाऊक आहेत : सीएसईईटी, एक्झिक्युटिव्ह, प्रोफेशनल आणि २१ महिन्यांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. विषयात किमान ४० आणि ग्रुपमध्ये सरासरी ५० टक्के, ही अट ऐकायला सोपी आहे. जून आणि डिसेंबरचे निकाल ती किती कठीण आहे ते सांगतात. पालकांना माझी विनंती आहे, एखादा ग्रुप राहिला म्हणून घरात सुतक पाळू नका. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना इंग्रजीची धास्ती असते. ती भीती घालवायचा उपाय म्हणजे लिहिणं. रोज एक ठराव, एक नोटीस, अर्धं पान इतिवृत्त. मोजकं आणि नेमकं लिहिता येणं हे तुमच्या व्यवसायात निम्मं भांडवल आहे. सोबत ताळेबंद वाचायला शिका आणि कारखाना डोळ्यांनी पाहा. भट्टीजवळ कधीच न गेलेला सेक्रेटरी बोर्डाला सुरक्षेचे नियम पाळले जातात असं कोणत्या आधारावर सांगणार?

वाटाही अनेक आहेत. नोकरी आहे, स्वतःची प्रॅक्टिस आहे, सेक्रेटरियल ऑडिट आहे, एनसीएलटीपुढे बाजू मांडण्याचा अधिकार आहे, पुरेशा अनुभवानंतर दिवाळखोरी प्रक्रियेतलं काम आहे. सूचीबद्ध कंपनीत सेबीच्या नियमांनुसार अनुपालन अधिकारी हा पात्रताधारक कंपनी सेक्रेटरीच असावा लागतो. कुठेही गेलात तरी तुमचा अशील एकच राहील : कंपनी.

आता समोर बसलेल्या माझ्या उद्योजक बांधवांना स्वागताध्यक्ष म्हणून थोडं हक्कानं सांगतो. पाहुण्यांना नुसता तांबडा-पांढरा वाढून यजमानपण संपत नाही. या मुलांना प्रशिक्षणाच्या जागा हव्या आहेत आणि त्यांतली पुष्कळशी मुलं केवळ त्यासाठी घरदार सोडून मोठ्या शहरात खोली घेऊन राहतात. आपल्या तिन्ही औद्योगिक वसाहतींतल्या ज्या कंपन्यांना नियमानुसार प्रशिक्षणार्थी घेता येतात, त्यांनी निदान एकेक जागा द्यावी. स्टायपेंड वेळेवर द्यावं. आलेल्या मुलीला किंवा मुलाला झेरॉक्स काढायला न लावता बोर्डाच्या कागदांना हात लावू द्यावा. आणि उद्या सेक्रेटरी नेमाल तेव्हा त्याची खुर्ची कोपऱ्यात न ठेवता बोर्डाच्या टेबलाशी ठेवा. तुमची प्रायव्हेट कंपनी अजून १० कोटींच्या खाली असेल, तर कायदा दारात येईपर्यंत थांबायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही.

चहापानानंतर पहिलं सत्र सुरू होईल. प्रशिक्षणाची जागा देऊ इच्छिणाऱ्या कंपन्यांसाठी नोंदणीचं टेबल सभागृहाच्या दाराशी मांडलं आहे. त्यावर पहिलं नाव माझ्या कारखान्याचं लिहिलेलं आहे. पान भरायचं काम तुमचं.

स्वागत समितीच्या वतीनं आपणा सर्वांचं पुन्हा एकदा स्वागत करतो आणि परिषदेचं कामकाज सुरू करण्याची अध्यक्षमहोदयांना विनंती करतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.