पंखाला कापड चढवताना येणारा पीळ

मागच्या भागात आपण बाल्साच्या पंखाचा सांगाडा जोडून ठेवला. आज त्याला कापड चढवायचंय. पण आधी माझी फजिती ऐका.

दोन वर्षांमागं इथं कळंबला भाच्यासोबत सव्वा मीटर पंखाचं विमान केलं. पोरानं दिवाळीपासून एकेक फासळी स्वतः कापलेली. कापडाचं काम तेवढं माझ्याकडं. मी रात्री खालची बाजू लावली, इस्त्रीनं ढोलकीसारखी ताणली आणि झोपलो. वरची बाजू सकाळी. दिसायला विमान एकदम देखणं! रानात नेऊन सोडलं, तर डावीकडं कलतच गेलं आणि नाकावर आपटलं. पोरगं काही बोललं नाही. तुकडे पिशवीत भरत राहिलं.

घरी येऊन पंख सपाट फळीवर ठेवला. डाव्या टोकाची मागची कड चार-पाच मिलिमीटर वर उचललेली. म्हणजे त्या बाजूला उचल कमी. चूक त्याच्या फासळ्यांची नव्हती, माझ्या इस्त्रीची होती.

होतं काय, की उघडा सांगाडा दोन बोटांनी पिळता येतो. कापड ताणलं की तोच पंख कडक होतो, पिळता पिळत नाही. मात्र ताणताना जो आकार असेल तोच कायम होतो. एक बाजू आधी ताणली की ती सांगाड्याला आपल्याकडं ओढते. खऱ्या विमानांचंही असंच होतं. १९३२ साली जेआरडी टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते पस मॉथ कापड चढवलेलंच. तेव्हा कापडावर डोप नावाचं रोगण लावायचे. ते वाळताना आकसतं आणि कापड ताणतं.

आपल्याला महागडं कापड मागवायची गरज नाही. अस्तराचं पातळ पॉलिस्टर घ्या. दुकानदार सगळ्यालाच पॉलिस्टर म्हणतो, म्हणून आधी एक तुकडा काड्यांच्या चौकटीवर चिकटवून गरम इस्त्री फिरवा. आकसून ताठ झाला तर कामाचा. सुती कापड असं आकसत नाही.

सांगाड्याच्या कडांना फेविकॉल थोडं पाणी घालून दोनदा लावा आणि पूर्ण वाळू द्या. हो, वाळलेलंच पाहिजे. वर कापड ठेवून इस्त्री दाबली की ते परत मऊ होऊन धरतं. पंख खालून खोलगट असेल तर खालचं कापड प्रत्येक फासळीला चिकटवायचं, नाहीतर ताणल्यावर मधून सुटतं. चिकटवताना इस्त्री मंद, साधारण ११० ते १२० अंश. ताणताना १५० च्या आसपास. १७५ च्या वर जाऊच नका. घरच्या इस्त्रीच्या खुणांवर मी तरी विश्वास ठेवत नाही, दर वेळी तुकड्यावर बघतो.

आता मुख्य गोष्ट. खालची बाजू लावा, वरची लावा, पण दोन्ही नुसत्या चिकटवून ठेवा. ताणायचं नाही. मग थोडं खालून, थोडं वरून, परत खालून, असं आलटून पालटून आकसवा. मधेमधे पंख फळीवर ठेवून दोन्ही टोकं बघा.

एवढं करूनही पीळ आलाच, तर रडू नका. एकानं पंख उलट्या दिशेनं, हवा त्यापेक्षा जरासा जास्त पिळून धरायचा. कापडावर तिरप्या सुरकुत्या येतात. दुसऱ्यानं त्या इस्त्रीनं घालवायच्या आणि पंख गार होईपर्यंत हात सोडायचा नाही. हे एकट्याचं काम नाही, बायकोला नाहीतर शेजाऱ्याला बोलवा.

छिद्रं बुजवायला पाण्यात मिसळणारं वॉर्निश पुरतं. डोपच लावणार असाल तर गॅसपासून लांब, उघड्यावर लावा; ते भडकन पेट घेतं. आणि पावसाळी हवेत नको, पांढुरकं पडतं. आपल्याकडं उन्हाळ्यात ती अडचण नाही. शेपटीला हात अगदी हलका ठेवा. शेपूट तोलाच्या जागेपासून नाकाच्या तिप्पट लांब असेल, तर तिथल्या एका ग्रॅमला नाकात तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं.

भाच्याच्या विमानाला नाक नवं केलं, पंख तोच ठेवला. पीळ त्यानं धरला, इस्त्री मी फिरवली. सोयाबीन निघालेल्या रानात परत सोडलं तेव्हा सरळ गेलं, बांधापलीकडं. आणायला पोरगं पळत गेलं, आणि या वेळी पिशवी माझ्याच हातात राहिली. तोल कुठं धरायचा ते पुढच्या भागात बघू.